मुतारी, शौचालय आणि पाचचं नाणं

सरकारी इमारतींत सॅनिटरी पॅड मोफत मिळावेत, हा विषय निघाला की बोलणं लगेच स्कॉटलंडवर जातं. तिथला कायदा नोव्हेंबर 2020 मध्ये मंजूर झाला आणि 15 ऑगस्ट 2022 पासून लागू झाला. स्थानिक प्रशासन आणि शिक्षणसंस्थांनी गरज असेल तिला पॅड विनामूल्य द्यायचे, आणि तेही घेणारीचा मान राखून, असं तो कायदाच सांगतो. पण मुंबईत ही मागणी परदेशातून आलेली नाही. ती आली सार्वजनिक शौचालयाच्या दारातून, जिथे टेबलावर सुट्ट्या पैशांचा डबा घेऊन माणूस बसतो.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. 'कावळा शिवला' म्हणायचे दिवस, जुन्या साडीच्या घड्या, चाळीच्या टोकाला सामाईक संडास, आणि धुतलेल्या घड्या दोरीवर दुसऱ्या साडीखाली वाळत घातलेल्या. पुढे बाजारातले पॅड आले, पण दुकानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतच देत राहिला.

2011 च्या सुमारास मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी एक साधी गोष्ट उघड केली. पुरुषांना लघवीला पैसे पडत नव्हते, बायकांना पडत होते. कुठे दोन रुपये, कुठे तीन, कुठे पाच. हा भेदभाव कुणी ठराव करून आणला नव्हता, तो शब्दांतून आला होता. पुरुषांसाठी मुतारी वेगळी, उघडी आणि फुकट. बायकांसाठी मुतारी बांधलेलीच नसायची. त्या ज्या बंद खोलीत जात, तिचं नाव शौचालय, आणि शौचालयाला दर लागू. ती आत कशासाठी गेली हे टेबलावरच्या माणसाला कळत नाही, म्हणून सरसकट पैसे, असं समर्थन तेव्हा ऐकायला मिळे.

त्या माणसाचीही बाजू आहे. 'पैसे द्या आणि वापरा' पद्धतीत देखभाल चालवणाऱ्याकडे असते आणि पाणी, वीज, सफाईचा खर्च त्याच डब्यातून भागवायचा असतो. म्हणजे बायकांकडून पैसे घेऊ नका, एवढं सांगून प्रश्न सुटत नाही. तो पैसा दुसरीकडून कोण देणार, हे ठरवावं लागतं. आंदोलनाच्या रेट्याने लघवी मोफत हे तत्त्व मान्य झालं, काही ठिकाणी फलकही लागले. डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी पुरेशी, स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारण्याचे निर्देश दिले. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा हाच, कारण पॅड बदलायला आधी कडी लागणारं दार, पाणी आणि कचऱ्याचा डबा लागतो. दरफलकावर मात्र लघवी, शौच आणि आंघोळ एवढंच असतं. पॅड बदलायला आत गेलेली बाई यांतल्या कशात मोडते? तिला वेळ जास्त लागतो, म्हणून ती आपोआप 'शौच'मध्ये जाते आणि पैसे देऊन बाहेर पडते.

मग आलं 2018. त्या एका वर्षात जेवढं घडलं तेवढं आधीच्या कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. 8 मार्चला राज्याची अस्मिता योजना सुरू झाली: जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत. मुंबईत जिल्हा परिषदच नाही, त्यामुळे इथल्या वस्त्यांतल्या मुली त्या सवलतीत बसल्या नाहीत. जूनमध्ये जनऔषधी केंद्रांत अडीच रुपयांचा पॅड आला, 2019 च्या ऑगस्टमध्ये तो एक रुपयाला झाला. 2018 च्याच जुलैमध्ये पॅडवरचा 12 टक्के जीएसटी गेला. हा कर वर्षभरापूर्वीच लागला होता आणि त्यावर मोठा संताप उसळला होता. मात्र 'करमुक्त' शब्दाने फसायला नको. कच्च्या मालावरचा कर तसाच राहिला आणि उत्पादकाला त्याची वजावट मिळेनाशी झाली. त्यामुळे किंमत पूर्ण 12 टक्क्यांनी उतरेल ही अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता.

याच सुमारास शाळा, कार्यालयं आणि लोकलच्या काही स्थानकांवर पॅडची यंत्रं दिसू लागली. नाणं टाका, पॅड घ्या. बातम्यांत या यंत्रांना 'सुविधा' म्हटलं गेलं आणि 'सुविधा' म्हणजे मोफत, असा समज पसरला. फोर्टातल्या एका सरकारी इमारतीत मी असं यंत्र वापरायला गेले होते. पाचचं नाणं आत गेलं आणि अडकलं. खाली ट्रे रिकामा. चावी ज्या मॅडमकडे असते त्या रजेवर होत्या. शेवटी तिथल्या सफाई करणाऱ्या मावशींनी स्वतःच्या पिशवीतून एक पॅड काढून दिला. पैसे द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गं, याचे काय पैसे घ्यायचे!" त्या दिवशी त्या इमारतीत पॅड मोफत मिळाला तो असा, एका कमी पगाराच्या बाईच्या खर्चाने.

यंत्र खरेदी करायला एकदाच निधी लागतो, ते भरत राहायला दर महिन्याला लागतो. शौचालयाच्या टेबलावरचा पेच इथे पुन्हा उभा राहतो. 10 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला मासिक पाळीच्या स्वच्छतेबाबत एकसमान राष्ट्रीय धोरण आखायला सांगितलं, पण ते प्रकरण शाळकरी मुलींचं होतं. न्यायालयात तारखेला आलेली अशील, वॉर्ड ऑफिसात दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली बाई, रुग्णालयात नातेवाइकापाशी रात्र काढणारी, मंडईत पहाटेपासून बसलेली भाजीवाली, यांची नावं त्या याचिकेत नव्हती. मुंबईतली मागणी आता त्यांच्यासाठी आहे, आणि तिच्यात नाण्याची खाच नसलेला डबा आणि तो भरण्यासाठी अंदाजपत्रकात दरवर्षीची तरतूद, अशा दोन्ही गोष्टी मागितलेल्या आहेत.