दुकानांच्या काचांवरील अक्षररंगकाम (नाशिक)

दुकानाच्या दर्शनी काचेवर दुकानाचे नाव, मालाचा प्रकार किंवा भाव कुंचल्याने रंगवण्याची हस्तकला. ती करणारा कारागीर ‘पेंटर’ म्हणून ओळखला जातो. मेन रोड, रविवार कारंजा, भांडीबाजार या जुन्या भागांत वाड्यांच्या तळमजल्यावरील दुकाने लाकडी फळ्या लावून बंद केली जात. त्यामुळे अक्षरे आधी पाटीवर रंगली आणि काचेची दर्शनी बाजू आल्यावर काचेवर उतरली.

पावसाने आणि रोजच्या पुसण्याने रंग जाऊ नये, म्हणून कायमचा मजकूर काचेच्या आतल्या बाजूने उलटा लिहितात. बाहेरून खडूने सरळ आखणी करून आतून ती ऑइल पेंटने गिरवली जाते. रंगांचा क्रमही उलटा असतो: बाहेरून जे सर्वांत पुढे दिसायचे ते सर्वांत आधी, म्हणजे प्रथम अक्षराची कड, मग अंग, त्यामागे सावली आणि शेवटी पार्श्वभूमी. काच गुळगुळीत असल्याने रंग पातळ झाला की ओघळतो आणि घट्ट राहिला की कुंचला अडखळतो. हात स्थिर राहावा म्हणून तो टोकाला कापडाचा गोळा बांधलेल्या काठीवर टेकवतात.

देवनागरीत हे काम विशेष कठीण आहे, कारण अक्षरे शिरोरेषेला लोंबतात आणि मात्रा, रफार, उकार यांसाठी वर-खाली जागा आधीच राखावी लागते. नाशिकचा प्रसिद्ध ‘चिवडा’च घेतला, तर आतून तो शब्द डावीकडे ‘डा’च्या कान्याने सुरू होतो आणि उजवीकडे ‘चि’च्या पहिल्या वेलांटीने संपतो. नवशिक्या हाताकडून ती दुसरी होऊन जाते, आणि चूक बाहेर जाऊन पाहिल्यावरच ध्यानात येते. मग ब्लेडने खरवडणे आलेच.

संगणकावर कापलेल्या चिकटपट्टीने, म्हणजे बाजारातल्या ‘रेडियम’ने, आणि फ्लेक्सने हे काम बरेच मागे टाकले. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी नामफलक बंधनकारक केला आणि मराठी अक्षरे अन्य लिपीहून लहान नसावीत, असे ठरवले. ही अट यंत्राने कापलेल्या अक्षरांनीही भागते, त्यामुळे पेंटरला त्यातून काम मिळतेच असे नाही. सणाच्या फराळाचे किंवा ‘सेल’चे चार दिवसांचे शब्द मात्र धुऊन निघणाऱ्या रंगात बाहेरूनच, सरळ लिहिले जातात.