गुढीपाडव्याची भेट: दहापट भिंग आणि कढीपत्त्याचं रोप

मुलांसाठी भिंग मागितलं की दुकानदार बहुधा तळहाताएवढ्या काचेचं, दांड्याचं भिंग पुढे करतो. ते जेमतेम दोन-तीनपट मोठं दाखवतं. आजोबांना पेपर वाचायला ठीक, पण मुंगीच्या मिशा पाहायला निरुपयोगी. घ्यायचं ते घडीचं दहापट भिंग: काच १८ ते २१ मिलिमीटर व्यासाची, धातूच्या आवरणात मिटणारी.

याचा हिशेब सोपा आहे. डोळ्याला आरामात स्पष्ट दिसण्याचं जवळचं अंतर साधारण २५ सेंटीमीटर धरतात. त्याला भिंगाच्या नाभीय अंतरानं (सूर्याचे किरण भिंगापासून जेवढ्या अंतरावर एका बिंदूत गोळा होतात, त्या अंतरानं) भागलं की ते किती पट मोठं दाखवतं ते कळतं. दहापट भिंगाचं नाभीय अंतर अडीच सेंटीमीटर, म्हणजे फूल भिंगापासून तेवढ्याच अंतरावर हवं. डबीवर ‘३०’ छापलेलं पाहून हुरळू नका. भिंग खरोखर तीसपट असेल, तर वस्तू जेमतेम आठ मिलिमीटरवर धरावी लागेल. हाताची सावली पडेल आणि श्वासानंही चित्र हलेल. दुकानातच फुटपट्टीच्या मिलिमीटरच्या रेघा पाहून घ्या. कडेच्या रेघा वाकड्या किंवा रंगीत दिसल्या तर ते भिंग ठेवून द्या.

मुलांची हमखास होणारी चूक म्हणजे भिंग हात लांब करून फुलावर धरणं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, त्या हाताचा अंगठा गालाला लावायचा आणि फूल हळूहळू जवळ आणायचं. उजेड फुलावर पडेल असं वळून उभं राहायचं. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही, आणि वापर झाला की ते मिटून ठेवायचं. उघडं भिंग उन्हात वाळलेला पाला पेटवू शकतं. भडक रंगाची नाडी बांधा, नाहीतर गवतात पडलेलं भिंग सापडत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना एक डोळा मिटून पाहणं सहसा जमत नाही. त्यांना झाकणातच भिंग असलेली डबी द्या. किडा पाच मिनिटं सावलीत पाहायचा आणि जिथला तिथे सोडायचा.

पहिल्या दिवशी काय पाहायचं? जास्वंदीचे परागकण दहापटीत सुटे, गोल दिसतात. आंब्याचा मोहर अजून झाडावर असेल तर खाली पडलेली एक डहाळी उचला. एका फुलात सहसा एकच पुंकेसर परागकण देणारा असतो, बाकीचे खुरटलेले. काही फुलांच्या मधोमध हिरवट-पिवळी, गोल अंडाशयाची गाठ असते, तर काहींत ती नसतेच. ती नर फुलं, त्यांना कैरी धरणार नाही. पन्नास फुलं मोजून गाठवाली किती निघतात ते वहीत लिहायला लावा. पेन्सिलच द्या, घामानं शाई फुटते.

दुर्बीण घ्यायची तर वर्षाचा हा काळ उत्तम, कारण पळस आणि सावर पानं गाळून फुललेले असतात आणि पक्षी लपत नाहीत. ८×३० किंवा ८×३२ पुरे. पहिला आकडा किती पट ते सांगतो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ३२ भागिले ८ म्हणजे ४ मिलिमीटर. १०×२५ मध्ये ती अडीचच उरते, आणि लहान हातांचा कंप दहापट होतो तो वेगळाच. मुलाला दुकानात न्यायलाच हवं. मोठ्यांच्या बऱ्याच दुर्बिणींच्या नळ्या मुलांच्या डोळ्यांइतक्या जवळ येत नाहीत, मग त्याला दोन वेगळी वर्तुळं दिसतात आणि दुर्बीण कपाटात जाते. लाल चकाकणाऱ्या काचांची दुर्बीण टाळा.

पळसावर शिंजीर (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) दिसला की खाली पडलेलं फूलही उचला. चोचीसारखी बाकदार पाकळी उघडली तर आत दहा पुंकेसर मिळतील: नऊ एकत्र जुळलेले, एक सुटा.

आणि ज्यांना बाहेर फारसं जाता येत नाही त्यांच्यासाठी कढीपत्त्याचं रोप. तो लिंबाच्या कुळातला, म्हणून लिंबावरचं फुलपाखरू त्याच्या कोवळ्या पानांवर एकेक फिकट पिवळं अंडं घालतं. (२०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीही याच कुळातल्या झाडांवर वाढते.) अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटच्या कातीनंतर हिरवी होते. तिला काडीनं हळूच डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो.

दहा इंची कुंडी, चार-पाच तास ऊन पुरे. रोप फूटभर झालं की शेंडा खुडा. बाजूनं कोवळी फूट येते आणि अंडी तिथेच घातली जातात. रोपवाटिकेत फवारणी झालेली असू शकते, तेव्हा जुनी पानं खुडून टाका आणि महिनाभर नवी फूट येऊ द्या, नाहीतर अळ्या मरतात. फुलपाखरं पावसाळ्यात जास्त येतात, उन्हाळ्यात धीर धरा. अळी बंद बाटलीत ठेवू नका, दमट हवेत तिला बुरशी धरते. तीन-चार अळ्या छोटं रोप बोडकं करतात. घाबरू नका, ते पुन्हा फुटतं. फोडणीसाठी मात्र दुसरं रोप लावा, आणि या झाडावर औषध मारायचं नाही.