बोर्डगेमचा कट्टा (बेळगाव सीमाभाग)

ठरलेल्या वारी, ठरलेल्या घरी तीन ते सहा जणांनी जमून टेबलावरचे आधुनिक खेळ शिकण्याची आणि खेळत राहण्याची प्रथा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठी-कन्नड शेजाराच्या पट्ट्यात ‘कट्टा’ हा शब्द दोन्ही भाषांना आपला वाटतो (कन्नडमध्ये कट्टे), म्हणून या बैठकीला तो चपखल बसतो. इथे नियम एकदा ऐकले म्हणजे खेळ आला असे धरत नाहीत. तेच भिडू तोच खेळ लागोपाठ तीन-चार बैठकी खेळतात. पहिला डाव नियम समजण्यात जातो, दुसरा चुका कळण्यात, आणि डावपेच सुचू लागतात ते तिसऱ्यापासून. दर आठवड्याला नवा डबा उघडणाऱ्या कट्ट्याला बरेच खेळ माहीत होतात, पण एकही धड येत नाही.

पटावरचे खेळ या भागाला नवे नाहीत. पाच बाय पाच घरांचा, चार कवड्यांचा चल्लस आठ कन्नड घरांत चौकाबारा म्हणून ओळखला जातो. घाटाखालच्या सावंतवाडीत १२० पानांचा दशावतारी गंजिफा आजही हाताने रंगवला जातो. शिकवताना हा वारसा फार कामी येतो. चार कवड्या टाकल्या की दोनाचे दान वारंवार पडते आणि आठाचे क्वचित, हे लहानपणी पाहिलेल्याला दोन फाशांचे गणित वेगळे शिकवावे लागत नाही.

सुरुवात बहुधा तीन खेळांनी होते : क्लाउस टॉयबर यांचा कटान (१९९५), क्लाउस-युर्गन व्रेडे यांचा कार्कासोन (२०००) आणि ॲलन आर. मून यांचा टिकेट टू राइड (२००४). तिघांनाही जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळालेला आहे.

कटान तीन किंवा चार जणांचा. पट १९ षटकोनी तुकड्यांचा : जंगल, कुरण आणि शेत प्रत्येकी ४, मातीच्या टेकड्या आणि डोंगर प्रत्येकी ३, शिवाय एक वाळवंट. वाळवंट सोडून बाकीच्यांवर आकड्यांच्या १८ चकत्या बसतात. शिकवणाऱ्याने आधी शेवट सांगावा : आपल्या पाळीत १० गुण होतील तो जिंकला. मग पाळीचा क्रम : फासे (पडलेल्या आकड्याच्या तुकड्याशेजारी ज्याची वस्ती, त्याला तिथल्या मालाचे पान), देवाणघेवाण, बांधकाम. रस्त्याला लाकूड आणि वीट. वस्तीला लाकूड, वीट, लोकर, गहू. शहराला ३ खनिज आणि २ गहू. एवढे सांगून खेळ सुरू करावा. विकासपत्त्यांची (माल देऊन घ्यायच्या, गुण किंवा खास चाल देणाऱ्या पत्त्यांची) माहिती पहिला पत्ता विकत घेतला जाईल तेव्हा दिली तरी चालते. सगळे नियम एका दमात वाचून दाखवले की दहाव्या मिनिटाला भिडूंचे लक्ष उडते.

नवख्यांचा डाव बहुतेक वेळा पहिल्या दोन वस्त्या मांडतानाच बिघडतो. बारा मोठा आकडा म्हणून बाराजवळ वस्ती करण्याची चूक हमखास होते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी बारा एकदाच येतो, सहा आणि आठ प्रत्येकी पाचदा, सात सहादा. चकतीवरच्या आकड्याखालचे ठिपके हेच सांगतात, ते बोट ठेवून मोजून दाखवावेत. दुसरी चूक म्हणजे चांगल्या आकड्याच्या नादात वीट आणि लाकूड दोन्ही सोडून देणे. मग रस्ताच निघत नाही आणि तो भिडू तासभर नुसता फासे टाकत बसतो. पहिली वस्ती क्रमाने आणि दुसरी उलट क्रमाने मांडतात. सुरुवातीचा माल फक्त दुसऱ्या वस्तीचा मिळतो.

सात पडला की ज्यांच्या हातात सातापेक्षा जास्त पाने असतील त्या सर्वांनी निम्मी टाकायची असतात. फासे टाकणाऱ्यापुरता हा नियम नाही. नऊ असतील तर चार टाकावी लागतात. त्यानंतर चोर (तुकड्याचा माल अडवणारी सोंगटी) हलवलाच पाहिजे, जागेवर ठेवता येत नाही. देवाणघेवाण ज्याची पाळी आहे त्याच्याशीच होते. बाकीच्यांनी आपापसांत सौदा करायचा नाही. विकत घेतलेला विकासपत्ता त्याच पाळीत खेळता येत नाही. गुणाचा पत्ता तेवढा अपवाद. हे चार नियम ज्या कट्ट्यावर पहिल्या दिवशी चुकतात तिथे ते वर्षानुवर्षे चुकीचेच राहतात, कारण पुढच्याला शिकवणारा त्याच कट्ट्यातला असतो. यावर उपाय म्हणजे दर बैठकीला एक जण नियमधारी नेमावा. त्याने आदल्या दिवशी पुस्तिका वाचून एकट्याने दोन-तीन पाळ्या मांडून पाहाव्यात. वाद झाला तर पुस्तिका उघडावी. दोन मिनिटांत उत्तर सापडले नाही तर त्या डावापुरता निर्णय करून पुढे जावे आणि मुद्दा वहीत टिपून ठेवावा.

सौद्याची भाषा मिश्र असते. ‘दोन मेंढ्या घे, एक वीट दे की’ हे कन्नड भिडूलाही कळते. कन्नडमध्ये मात्र लाकूड म्हणजे कट्टिगे आणि वीट म्हणजे इट्टिगे. घाईत दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि भलतेच पान हातात पडते. म्हणून या दोन मालांसाठी सर्वांनी एकाच भाषेतले शब्द ठरवून घेणे बरे. खनिजाला ‘लोखंड’ म्हटले की फौंड्र्यांच्या बेळगावात अधिक काही सांगावे लागत नाही.

कार्कासोन ७२ तुकड्यांचा, दोन ते पाच जणांचा. प्रत्येकाला ८ बाहुल्या मिळतात, त्यातली एक गुणफलकावर जाते, हातात ७ उरतात. बाहुली आत्ता ठेवलेल्या तुकड्यावरच बसते, आधीच्या तुकड्यावर नाही. शेतात आडवी ठेवलेली बाहुली (शेतकरी) खेळ संपेपर्यंत परत येत नाही. नवखे लवकर तीन-चार आडव्या करतात आणि मध्यावर त्यांचे हात रिकामे होतात. त्यामुळे पहिला डाव शेतकऱ्यांशिवाय खेळावा.

टिकेट टू राइड सर्वांत सोपा. प्रत्येकाला आगगाडीचे ४५ डबे आणि सुरुवातीला तीन तिकिटे (कोणती दोन शहरे जोडायची ते सांगणारी) मिळतात, त्यातली किमान दोन ठेवावी लागतात. पुरे न झालेल्या तिकिटाचे गुण वजा होतात. दोघे-तिघे असतील तर दुहेरी मार्गातला एकच वापरायचा, हे हमखास विसरले जाते. भारताचा नकाशा वेगळा मिळतो, पण त्याला मूळ खेळातले डबे आणि पत्ते लागतात. नुसता नकाशा विकत घेतला तर खेळता येत नाही.

हे तिन्ही हातात बसले की सिड सॅक्सन यांच्या अ‍ॅक्वायरकडे वळावे. १०८ चौकोन, सात कंपन्या, प्रत्येकीचे २५ शेअर. कुठली कंपनी कुणात विलीन होणार याचा अंदाज बांधण्याचा हा खेळ पेठेत वाढलेल्यांना फार रुचतो, आणि जुना असूनही अजून ताजा वाटतो.

जूनपासून पावसाळाभर पुठ्ठ्याचे हाल होतात. खानापूरकडच्या घरांत पत्ते लवकर वाकतात, तुकडे फुगतात, आणि फुगलेला तुकडा पिशवीत हाताला ओळखू येतो. पत्त्यांना प्लास्टिकची आवरणे घालावीत (कटानचे पान ५४ × ८० मिमी), डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. वाकलेला पुठ्ठा उन्हात न ठेवता जड पुस्तकाखाली दाबावा. उन्हात तो उलट बाजूला वळतो. कुंद्याची (बेळगावच्या मिठाईची) बशी टेबलावर नको. तुपाचा डाग पत्त्याच्या पाठीवर पडला की ते पान सर्वांना ओळखू येते. पिवळ्या बल्बखाली कटानचे लाल आणि केशरी रस्ते एकसारखे दिसतात. चौथा भिडू नसेल तर त्यातला एक रंग डब्यातच ठेवावा.

निपाणी-चिकोडीहून येणाऱ्यांची शेवटची गाडी पाहून खेळ निवडावा. शिकवणी धरून कटानला दोन तास लागतात, कार्कासोन तासाभरात आटोपतो. निघण्याआधी दहा मिनिटे मोजणीला ठेवावीत. कटानमध्ये प्रत्येक रंगाचे १५ रस्ते, ५ वस्त्या, ४ शहरे. एखादा रस्ता कमी भरला तर आधी सतरंजीची घडी झटकून पाहावी.