डॉवेल : इंजिन आणि गिअरबॉक्सची जुळणी करणाऱ्या पिना

मोटारगाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या सपाट पृष्ठावर एकमेकांना मिळतात, तेथे बसवलेल्या काटेकोर मापाच्या दंडगोलाकार पोलादी पिनेला डॉवेल म्हणतात. बहुतेक गाड्यांत अशा दोन पिना असतात. त्या इंजिन ब्लॉकच्या मागच्या तोंडात ठोकून घट्ट बसवलेल्या असतात आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचात, म्हणजे बेल हाउसिंगमध्ये, हाताने सरकतील इतक्या नेमक्या मापाच्या भोकांत शिरतात. काही डॉवेल भरीव असतात, तर काही पोकळ असून त्यांच्यातून बेल हाउसिंगचा बोल्टही आरपार जातो. इंजिनाचा फिरता मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, आणि त्याची गती गिअरबॉक्समध्ये आत घेणारा इनपुट शाफ्ट यांना एकाच अक्षावर आणून ठेवणे हे त्यांचे काम होय. गाडी चालू असताना डॉवेल दिसत नाहीत आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये त्यांचा संबंध येत नाही. गिअरबॉक्स उतरवून दुसरा चढवताना मात्र हाच भाग सर्वांत आधी नजरेआड होतो आणि त्याची किंमत क्लच, बेअरिंग किंवा अख्खा गिअरबॉक्स मोजतो.

बोल्ट आणि डॉवेल यांच्या कामातील फरक

बेल हाउसिंगला चहूबाजूंनी पाच-सहा किंवा अधिक बोल्ट असताना आणखी दोन पिनांची गरज काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भोकांच्या मापात आहे. बोल्ट सहज जावा म्हणून त्याचे भोक मुद्दाम मोठे ठेवलेले असते. १० मिमी बोल्टासाठी सर्वसाधारणपणे ११ मिमी आणि १२ मिमी बोल्टासाठी १३.५ मिमी भोक पाडतात. याचा अर्थ असा, की १० मिमीचे सगळे बोल्ट घातल्यावरही गिअरबॉक्स कोणत्याही दिशेला अर्धा मिलिमीटर सरकलेला राहू शकतो आणि बोल्ट आवळले की तो त्याच चुकीच्या जागी पक्का धरला जातो. उलट अनेक मॅन्युअल गिअरबॉक्सना दोन अक्षांमधील सुमारे ०.१३ मिमी, म्हणजे ०.००५ इंचाएवढाच फरक चालतो. बोल्ट दाबून धरण्याचे काम करतो, जागा ठरवण्याचे नाही. ती डॉवेलनेच ठरवायची असते.

पिना दोनच असण्यालाही कारण आहे. दोन सपाट पृष्ठे एकमेकांवर टेकली, की गिअरबॉक्स पुढे-मागे हलणे व कलणे थांबते. पहिली पिन त्याचे आडवे व उभे सरकणे बंद करते आणि दुसरी पिन पहिलीभोवती फिरणे बंद करते. एवढ्याने जागा पूर्णपणे निश्चित होते. म्हणूनच एक डॉवेल शाबूत असला तरी काम भागेल हा समज चुकीचा आहे, कारण एकाच पिनेभोवती बेल हाउसिंग बोल्टांच्या ढिलाईएवढे फिरते आणि शाफ्टचा अक्ष बाजूला जातो.

डॉवेल नसल्याचे परिणाम

मागच्या चाकांना गती देणाऱ्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांत इनपुट शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या खळग्यातील पायलट बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये, म्हणजे धातूच्या गुळगुळीत नळीत, टेकलेले असते आणि शाफ्टचा दुसरा आधार गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर असतो. हे दोन आधार एका रेषेत नसतील तर शाफ्टवर प्रत्येक फेऱ्याला आडवा भार येतो. बुश लंबगोल झिजतो, पुढचे बेअरिंग आवाज करू लागते आणि क्लच प्लेटचा मधला हब इनपुट शाफ्टवरच्या लांबट खाचांवर अडकल्यामुळे पेडल दाबूनही प्लेट मोकळी सुटत नाही. मग पहिला गिअर टाकताना खरखर होते, क्लच सोडताना गाडी थरथरते आणि काही वेळा गिअर आपोआप सुटतो. आडवे इंजिन असलेल्या अनेक फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांत पायलट बेअरिंग नसते. तेथे हा सगळा ताण क्लच प्लेटच्या हबवर आणि पुढच्या बेअरिंगवर पडतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये नुकसान अधिक फसवे असते. तेथे क्लचच्या जागी तेलाच्या मदतीने गती पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याचे पुढचे नाक क्रँकशाफ्टच्या खळग्यात आणि मागची नळी गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या बुशमध्ये बसते. या दोहोंमध्ये असलेली फ्लेक्सप्लेट ही पोलादाची पातळ चकती आहे. अक्ष सरकलेले असले, की ती दर फेऱ्याला एकदा वाकते, म्हणजे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असताना मिनिटाला ३,००० वेळा. काही काळाने तिच्या बोल्टांच्या भोकांभोवती तडे जातात आणि ठकठक ऐकू येऊ लागते. हा आवाज कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो, की त्यापायी चांगले इंजिन उघडले जाते. पंपाचा बुश झिजून पुढच्या सीलमधून तेल गळणे हेही त्याच दोषाचे लक्षण आहे. सील बदलून गळती पुन्हा सुरू होत असेल, तर सीलला दोष देण्यापूर्वी डॉवेल जागेवर आहेत का ते पाहावे.

उतरवताना घ्यायची काळजी

गिअरबॉक्स इंजिनापासून सुटा झाला, की दोन्ही तोंडे पुसून चारही भोके पाहणे ही पहिली पायरी असली पाहिजे. डॉवेल नेहमी ब्लॉकमध्येच राहतात असे नाही. गंजामुळे एखादा बेल हाउसिंगमध्ये अडकून गिअरबॉक्सबरोबर निघून येतो. जुना गिअरबॉक्स भंगारात किंवा बदली म्हणून परत गेला, की तो डॉवेलही जातो. याच्या उलट, बाजारातून आणलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये आधीच्या गाडीचे डॉवेल राहिलेले असतात आणि ब्लॉकमध्येही स्वतःचे असतात. एकाच जागी दोन डॉवेल समोरासमोर आले, की दोन्ही पृष्ठांमध्ये फट राहते. ती बोल्ट आवळून मिटवण्याचा प्रयत्न केला, तर बेल हाउसिंगचा बोल्ट बसणारा कान तडकतो. अल्युमिनियमच्या कवचाला ही इजा फार लवकर होते.

अडकलेला डॉवेल काढणे हे घाईचे काम नाही. पोलादी पिन आणि अल्युमिनियमचे कवच यांच्यामध्ये ओलावा शिरला, की विद्युत-रासायनिक क्रियेने अल्युमिनियमची पांढरी भुकटी तयार होते आणि ती पिनेला जखडून टाकते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत चाललेल्या गाड्यांत हे हमखास आढळते. अशा वेळी गंज सैल करणारे तेल सोडून वाट पाहावी आणि मग पिनेभोवतीचा भाग गरम हवेच्या गनने तापवावा. अल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. १४ मिमी व्यासाच्या भोकाचे तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले, तर पिनेपेक्षा भोक सुमारे दीड शतांश मिलिमीटरने अधिक मोठे होते आणि पकड सुटायला तेवढे बहुधा पुरते. उघडी ज्योत वापरणे टाळावे, कारण जवळच रबरी सील आणि तेल असते.

पोकळ डॉवेल बाहेरून व्हाइस ग्रिपने, म्हणजे घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीने, नुसता दाबला, तर आत चेपतो आणि आणखी घट्ट होतो. म्हणून आधी त्याच्या आत नेमक्या बसणाऱ्या मापाच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा घालावा, मग बाहेरून पकडून डावी-उजवीकडे थोडे थोडे फिरवत ओढावे. भोक मागून बंद असेल तर पोकळी ग्रीसने गच्च भरून त्यात घट्ट बसणारी सळई हातोडीने ठोकल्यास ग्रीसचा दाब पिनेला बाहेर ढकलतो. पिनेचे तोंड तुटून आत राहिले असेल, तर त्यावर नट वेल्ड करून ती काढता येते. वेल्डिंगच्या उष्णतेनेही पकड ढिली होते. पकडीचे ओरखडे उठलेला डॉवेल पुन्हा वापरू नये. नव्या डॉवेलची किंमत या कामातील बहुतेक अन्य भागांपेक्षा कमी असते.

बसवणे आणि जोडणी

भोके तारेच्या ब्रशने स्वच्छ करून कडांवरचे उठाव बारीक कानसीने काढावेत. ब्लॉकच्या व बेल हाउसिंगच्या पृष्ठांवर रंगाचा पोपडा किंवा खडा राहिला, तर डॉवेल असूनही गिअरबॉक्स तिरका बसतो. डॉवेल मऊ धातूच्या ड्रिफ्टने, म्हणजे ठोकण्याच्या दांड्याने, सरळ ठोकून मूळ खोलीपर्यंत न्यावा आणि बाहेर राहिलेल्या भागावर ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी तो अडकणार नाही.

क्लच प्लेट सेंटरिंग टूलने मध्यावर आणून तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळल्यावर गिअरबॉक्स जॅकवर समतल धरून पुढे सरकवतात. डोके कापलेले दोन लांब बोल्ट ब्लॉकमध्ये मार्गदर्शक म्हणून लावले, तर गिअरबॉक्सचे वजन क्लच प्लेटच्या हबवर लटकत नाही. इनपुट शाफ्ट थोडा फिरवून खाचा जुळवाव्यात. डॉवेल भोकात शिरू लागले, की गिअरबॉक्स हाताच्या जोराने पृष्ठाला टेकला पाहिजे. एखाद्या बोटाएवढी फट राहिली असता बोल्टने ओढून घेण्याचा मोह होतो आणि या कामातले सर्वांत महाग नुकसान तेथेच होते. फट राहण्याचे कारण शोधणे हाच मार्ग आहे : क्लच प्लेट मध्यावर नसेल, डॉवेल दुप्पट असेल, वायरिंगचा पट्टा मध्ये अडकला असेल, किंवा ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर पंपामध्ये पूर्ण आत गेलेला नसेल. कन्व्हर्टर अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळले, तर पंप इंजिन सुरू करण्यापूर्वीच फुटतो.

मापन आणि सरकते डॉवेल

डॉवेल जागेवर असूनही अक्ष जुळत नाहीत असेही होते. ब्लॉकमधील मुख्य बेअरिंगची भोके घासून एका रेषेत आणली (अलाइन-होन केली), की क्रँकशाफ्ट ब्लॉकच्या आत किंचित सरकतो, तर दुसऱ्या कारखान्यात बनलेल्या बेल हाउसिंगचे मधले भोक मूळ जागेपासून थोडे हललेले असू शकते. बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्स वेगळे सुटणाऱ्या गाड्यांत हे मोजता येते. क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, सूक्ष्म सरकणे काट्याने दाखवणारा डायल गेज बसवून त्याचे टोक बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवावे आणि क्रँकशाफ्ट हाताने एक पूर्ण फेरा फिरवावा. मिळालेल्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतील फरकाचा अर्धा भाग म्हणजे अक्षांमधील अंतर. हे अर्धे करणे विसरल्यास दुरुस्ती दुप्पट होते आणि दोष उलट्या दिशेला जातो.

याचे सर्वपरिचित उदाहरण १९५५ मध्ये बाजारात आलेल्या शेव्हरलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनाचे आहे. त्याचे डॉवेल पाच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १५.९ मिमी व्यासाचे असतात आणि त्यासाठी ०.००७, ०.०१४ व ०.०२१ इंच सरकलेल्या अक्षाचे, म्हणजे ब्लॉकमधल्या भागाच्या तुलनेत बाहेरचा भाग तेवढा बाजूला असलेले, डॉवेल अमेरिकेत तयार मिळतात. गेजवर एकूण फरक ०.०१४ इंच आला, तर ०.००७ इंचाची जोडी लागते. दोन्ही पिनांचा सरकाव एकाच दिशेला ठेवूनच त्या फिरवायच्या असतात आणि बसवल्यावर पुन्हा मोजायचे असते. बेल हाउसिंग गिअरबॉक्सच्या कवचाचाच भाग असलेल्या आजच्या बहुतेक गाड्यांत हे भोक असे मोजता येत नाही, त्यामुळे तेथे मूळ डॉवेल शाबूत असण्याला अधिक महत्त्व येते.

भारतात पेट्रोलवरच्या जीप आणि ॲम्बॅसडर गाड्यांना डिझेल इंजिन बसवण्याचे काम अनेक दशके चालले. अशा बदलात इंजिन एका कंपनीचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा असल्यामुळे मध्ये जाड ॲडॅप्टर प्लेट घालावी लागते. तिला इंजिनाकडे दोन आणि गिअरबॉक्सकडे दोन अशा डॉवेलच्या दोन जोड्या हव्यात, आणि दोन्ही जोड्यांची भोके क्रँकशाफ्टच्या अक्षापासून मोजून पाडली पाहिजेत. केवळ बोल्टांची भोके जुळवून प्लेट बनवली असेल तर ती गाडीवर चढते, पण अक्ष जुळेलच याची हमी राहत नाही. झिजून लंबगोल झालेल्या डॉवेलच्या भोकालाही हेच लागू आहे. ते मोठे गोल करून त्यात पोलादी बुश ठोकावा किंवा मोठ्या मापाचा डॉवेल घ्यावा, आणि नवे केंद्र डायल गेजने तपासूनच भोक पाडावे.