ॲनीज प्रोजेक्ट

ॲनीज प्रोजेक्ट : शेतीचा व्यवसाय चालवणे आणि त्यातली जोखीम सांभाळणे यांचे शिक्षण देणारा, शेतकरी स्त्रियांसाठीचा अमेरिकेतील अभ्यासक्रम. इलिनॉय विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेतील (विद्यापीठातले ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्या सेवेतील) रूथ हॅम्बल्टन यांनी तो २००३ मध्ये सुरू केला. पुढे आयोवा स्टेट विद्यापीठाच्या विस्तार सेवेने त्याचा मोठा भार उचलला आणि तो तीसहून अधिक राज्यांत पोचला.

नावातली ॲनी म्हणजे हॅम्बल्टन यांची आई, ॲनेट कोलहेगन फ्लेक (१९२२–१९९७). उत्तर इलिनॉयमधल्या लहान गावात वाढलेल्या या बाईंना शेतकऱ्याशीच लग्न करायचे होते. १९४७ मध्ये तसे झालेही. पण एका छपराखाली तीन पिढ्या, शेतीत नफा बेताचा, आणि नवरा तिला कारभारात घ्यायला नाखूश. ॲनीने नांगराला हात घालण्यापेक्षा वही हातात घेतली. कराचा कागद कधी भरायचा, खंडाचा करार कधी संपतो, बाजारात धान्याचा आणि जनावरांचा भाव काय, हे तिला ठाऊक असे. अभ्यासक्रमाचा गाभा हाच आहे. तारखा पाळणे ही किरकोळ गोष्ट वाटते खरी. पण आयोवात पुढच्या हंगामासाठी जमीन सोडवून घ्यायची, तर खंडकरार संपवण्याची नोटीस १ सप्टेंबरपर्यंत द्यावी लागते. ती हुकली की करार आपोआप आणखी एक वर्ष चालू.

स्त्रियांसाठी वेगळा वर्ग कशाला, याचे उत्तर इतिहासात आहे. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तार सेवा उभी राहिली, तेव्हा शेतीचे मार्गदर्शन पुरुषांकडे आणि गृहशास्त्र स्त्रियांकडे अशी वाटणी झाली. बायकांना फळे डबाबंद करणे, शिवण, आहार शिकवला गेला, ताळेबंद नाही. कायद्याचीही तीच तऱ्हा. स्त्री म्हणून कर्ज नाकारण्याला बंदी आली ती १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने. वारसा कराचा अनुभव याहून कडवट होता. संयुक्त नावावरच्या शेतीतही, बायकोने स्वतःचे पैसे घातल्याचा पुरावा नसेल, तर नवऱ्याच्या मृत्यूनंतर सगळी शेती त्याचीच धरून कर आकारला जाई. तिने केलेल्या कामाला हिशोबात किंमत नव्हती. ‘विधवा कर’ या नावाने बदनाम झालेली ही तरतूद शेतकरी स्त्रियांनी लावून धरलेल्या मागणीनंतर आधी थोडी सैल झाली आणि १९८१ च्या करकायद्याने निकालात निघाली.

अभ्यासक्रम साधारण अठरा तासांचा असतो : आठवड्याला तीन तास, असे सहा वर्ग. पेरणी-कापणीची धांदल नसते म्हणून ते बहुधा हिवाळ्यात भरतात. शिकवायला विस्तार सेवेतले तज्ज्ञ तर असतातच, शिवाय त्याच भागातले बँकवाले, वकील, विमा एजंट आणि सरकारी शेती कार्यालयातली माणसेही येतात. त्यामुळे ज्या टेबलासमोर पुढे कर्ज मागायला बसायचे, त्या टेबलामागच्या माणसाची ओळख आधीच होते. विषयांची मांडणी शेतीतल्या जोखमीच्या पाच प्रकारांवर आहे : उत्पादन, बाजार, पैसा, कायदा आणि माणसे.

यातले उत्पादन आणि बाजार एकमेकांत किती गुंतलेले आहेत, ते पीकविम्याच्या वर्गात कळते. समजा मक्याचा सिद्ध उतारा, म्हणजे मागच्या वर्षांच्या नोंदींवरून ठरलेले सरासरी पीक, एकरी १८० बुशेल (धान्य मोजण्याचे अमेरिकी माप) आहे, ८० टक्के संरक्षणाचा उत्पन्न-विमा घेतला आहे आणि फेब्रुवारीतल्या वायदेभावांवरून ठरलेला दर साडेचार डॉलर आहे. मग एकरी हमी झाली १४४ बुशेलची, म्हणजे ६४८ डॉलरची. कापणीला १५० बुशेल हाती आले आणि भाव चार डॉलरवर घसरला, तर उत्पन्न ६०० डॉलर धरले जाते व ४८ डॉलर भरपाई मिळते. उतारा हमीपेक्षा जास्त येऊनही भरपाई कशी, हा प्रश्न इथे हमखास पडतो, आणि पडायलाच हवा. विमा फक्त दाण्यांचा नसून दाणे गुणिले भाव यांचा आहे, हे एकदा उमगले की पीक उभे असतानाच थोडा मका आगाऊ विकून ठेवण्याची भीती कमी होते. कापणीच्या वेळी भाव चढला, तर नेहमीच्या उत्पन्न-विम्यात हमीही चढते. मका-सोयाबीनच्या मध्यपश्चिम पट्ट्यात हा विमा घेण्याची शेवटची तारीख १५ मार्च, पेरलेल्या एकरांची नोंद देण्याची १५ जुलै. पुन्हा तारखाच.

पैशाच्या वर्गात प्रत्येकीने आपल्या शेतीचा ताळेबंद मांडून पाहावा अशी अपेक्षा असते. कणगीतला न विकलेला मका, ट्रॅक्टरचे उरलेले हप्ते, सासऱ्यांकडून घेतलेले तोंडी कर्ज. असे सगळे एका कागदावर आले की पुष्कळ घरगुती समजुती उघड्या पडतात. फक्त स्त्रियांचाच वर्ग ठेवण्यामागे एक साधा हिशोब आहे : अडाणी ठरण्याच्या भीतीने गिळलेला प्रश्न इथे विचारता येतो.

२०१७ च्या अमेरिकी कृषी गणनेत प्रत्येक शेतावरच्या चार जणांपर्यंत निर्णय घेणाऱ्यांची माहिती नोंदवली गेली. तेव्हा सुमारे १२ लाख स्त्रिया, एकूण उत्पादकांच्या ३६ टक्के, कागदावर आल्या. त्या आधीही शेतावर होत्याच, रकान्यात मावत नव्हत्या.

पुढचा टप्पा म्हणून ‘आज आणि उद्यासाठी व्यवस्थापन’ अशा अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम आखलेला आहे. त्यात व्यवसाय, निवृत्ती, मृत्युपत्र आणि शेती पुढच्या पिढीकडे सोपवणे हे विषय येतात. शेवटचा सर्वांत अवघड. एक मुलगा शेती करतो, दोन मुली शहरात आहेत. जमिनीचे तीन सारखे भाग केले तर शेती मोडते, न केले तर नाती. वकील कागद करून देतो, पण त्याआधी घरात बसून बोलावे लागते, आणि त्या बैठकीला सुना-जावयांना बोलवायचे की नाही, इथेच बहुतेकांची गाडी अडते.