एडीएचडीचं निदान आणि वर्णभेद: अमेरिकेतला अविश्वास कुठून आला?

एडीएचडी म्हणजे लक्ष न लागणं, अतिचंचलपणा अशी लक्षणं असलेला विकार. उत्तेजक औषध दिल्यावर चंचल मुलं स्थिरावतात, हे डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये नोंदवलं. १९६०च्या दशकात रिटालिन हे असंच उत्तेजक औषध अमेरिकेतल्या घराघरांत पोचलं. वाद पेटला जून १९७० मध्ये. ओमाहा शहरातल्या पाच ते दहा टक्के शाळकरी मुलांना वागणुकीसाठी औषधं दिली जातात, अशी बातमी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापली. आकड्यावर वाद झाला, सप्टेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावणीही झाली. आपल्या मुलांना गप्प बसवायलाच ही औषधं आहेत, ही कृष्णवर्णीय पालकांची धास्ती मात्र कायम राहिली.

त्या धास्तीला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. दोनच वर्षांनी टस्कगी प्रकरण उघडकीला आलं. अलाबामात १९३२ पासून सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस सरकारी डॉक्टर नुसता बघत राहिले होते, पेनिसिलिन हाताशी आल्यावरसुद्धा. शाळांनी तरी कुठे विश्वास कमावला होता? बुद्ध्यंक चाचणीच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकण्याची कॅलिफोर्नियातली पद्धत १९७९ मध्ये न्यायालयाने थांबवली. अशा शाळेने मुलाला डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर आई बिचकणारच.

भीती जादा औषधांची होती. आकडे निघाले नेमके उलटे. २०१३ मध्ये पॉल मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी बालवाडी ते आठवीपर्यंतच्या १७,००० हून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. वागणूक, अभ्यास, घरची परिस्थिती जमेस धरूनही कृष्णवर्णीय मुलांचं निदान होण्याची शक्यता गोऱ्या मुलांपेक्षा ६९ टक्क्यांनी कमी होती, लॅटिनो मुलांची ५० टक्क्यांनी. निदान झालेल्यांनाही औषध कमीच मिळत होतं.

मग या मुलांच्या वाट्याला येतं काय? बऱ्याचदा शिक्षाच. २०१३-१४ च्या सरकारी नोंदींनुसार प्रीस्कूलच्या चिमुरड्यांतही कृष्णवर्णीय मुलांना निलंबित करून घरी पाठवण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या ३.६ पट होतं. ज्याला मदत हवी, तो बेशिस्त ठरतो. मला यातली सगळ्यांत जिव्हारी लागणारी गोष्ट हीच वाटते.

वागणूक, घरची परिस्थिती जमेस न धरता नुसते आकडे पाहिले, तर फरक दिसत नाही: सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेने दिलेल्या २०२२ च्या पाहणीच्या आकड्यांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या, दोन्ही गटांत निदान झालेली मुलं १२ टक्के आहेत. आशियाई मुलं मात्र ४ टक्केच. त्यांत न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातली आपली मराठी मुलंही आली. मार्क चांगले पडताहेत तोवर लक्ष न लागण्याची तक्रार आपल्या घरांतून सहसा डॉक्टरांपर्यंत जात नाही.