छातीतली कळ आणि ‘ॲबनॉर्मल’ रिपोर्ट

नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना दरवेळी साधारण त्याच टप्प्यावर छाती आवळल्यासारखी होते, थांबलं की चार-पाच मिनिटांत बरं वाटतं, चढायला लागलं की पुन्हा तेच. एवढं ऐकूनच डॉक्टर सावध होतात, रिपोर्ट नंतर बघतात. दुसऱ्या कुणाला तरी, बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी टोचतं, दाबलं की दुखतं, कूस बदलली की कमी होतं. हे दुखणं बहुधा स्नायूचं किंवा बरगडीचं. पण दोघांच्याही ईसीजीवर, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखावर, ‘ॲबनॉर्मल’ हाच शब्द छापून येऊ शकतो.

तो शब्द यंत्राने छापलेला असतो. गुलाबी चौकटींचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक लहान चौकट 0.04 सेकंदाची. अशी मोजमापं यंत्र छान करतं. पण समोरच्या माणसाला घाम फुटलाय की तो विम्याच्या तपासणीला आलाय, हे त्याला कळत नाही. हाताच्या वायरी चुकून अदलाबदल झाल्या तरी आलेख बिघडतो. ‘नॉनस्पेसिफिक एसटी-टी चेंजेस’ (आलेखाच्या एका भागातले, कुठल्याही एका आजाराकडे बोट न दाखवणारे बदल) हा शेरा तर जुन्या बीपीमुळे, पोटॅशियम कमी झाल्यामुळे, काही औषधांमुळे येतो आणि धडधाकट माणसातही सापडतो.

टीएमटीची, म्हणजे पट्ट्यावर चालवून घेतलेल्या ईसीजीची, गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा असं दिसलं, की ब्लॉकेज, म्हणजे हृदयाच्या नसेत अडथळा, असलेल्या 100 जणांपैकी सुमारे 68 जणांना ती पकडते आणि नसलेल्या 100 पैकी सुमारे 77 जणांना नॉर्मल ठरवते. आता हिशेब मांडू. सातपूरच्या कारखान्यातले पस्तिशीचे, निर्व्यसनी, काहीही त्रास नसलेले 100 जण घ्या आणि त्यांतल्या 5 जणांना ब्लॉकेज आहे असं धरा. 5 पैकी 3 सापडतील. पण उरलेल्या 95 मधले 22 जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे 25 पॉझिटिव्ह, त्यांत खरे 3. मग साठीचे, मधुमेह आणि तंबाखू दोन्ही असलेले, पायऱ्यांवर छाती आवळणारे 100 जण घ्या. इथे 80 जणांना ब्लॉकेज धरला तर पॉझिटिव्ह आलेल्या 59 पैकी 54 खरे निघतात. शिवाय जे 41 जण ‘निगेटिव्ह’ म्हणून पेढे वाटत घरी जातील, त्यांतल्या 26 जणांना ब्लॉकेज असतोच! तपासणी तीच, यंत्र तेच; अर्थ मात्र माणसागणिक बदलला. म्हणून पहिल्या गटातल्या पोराने पॉझिटिव्ह रिपोर्ट बघून रात्र जागून काढू नये, आणि दुसऱ्या गटातल्या काकांनी नॉर्मल रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना टाळू नये.

ट्रोपोनिनचंही तसंच. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण पातळी वाढायला बऱ्याचदा तीन-चार तास जातात. म्हणून पहिली तपासणी नॉर्मल आली तरी काही तासांनी पुन्हा रक्त घेतात. ते बिल वाढवायला नव्हे. किडनीच्या जुन्या आजारात ट्रोपोनिन कायमच थोडं वाढलेलं असू शकतं. हार्ट ॲटॅकमध्ये ते चढताना किंवा उतरताना दिसतं.

अँजिओग्राफीत, म्हणजे औषध सोडून काढलेल्या हृदयाच्या नसांच्या एक्स-रे चित्रात, मोठ्या नसा मोकळ्या दिसल्या की घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ हे चुकीचं आहे. या तपासणीत न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या बिघाडानेही छाती दुखते, आणि त्यावर उपचार आहेत.

आपल्याकडे सकाळी झणझणीत मिसळ झालेली असली की छातीतली जळजळ ॲसिडिटीच्या खात्यात जमा होते. सोबत घाम, धाप, मळमळ असेल, कळ जबड्यात किंवा हातात उतरत असेल, तर गोळी चघळत थांबू नका. 108 ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कळ सौम्य असून नुसतीच धाप लागू शकते.

जाताना जुना ईसीजी सोबत घ्या. आजचा बदल नवा की दहा वर्षांपूर्वीचा, हे त्यावरूनच कळतं आणि पुढचे निर्णय बदलतात. बरेच ईसीजी थर्मल कागदावर निघतात, त्यावरची रेघ कालांतराने पुसट होते. म्हणून आजच झेरॉक्स काढून फाइलला लावा आणि मोबाइलमध्ये तारखेसकट फोटो ठेवा.